मिरर कमांड आणि पश्चिमेची खोली: संगणकानं तुमच्या घरात, गल्लीत, गावात काय बदललं?

रेघ
नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्ट आहे, पुण्यात. १९९१ साली कॉलेजमधून बाहेर पडले तेव्हा ऑफिसात ड्रॉइंग बोर्ड होते, ट्रेसिंग पेपर होता, शाईची पेनं होती आणि चुकलेली रेघ खरवडायला दाढीचं ब्लेड होतं. कंप्युटरवर नकाशे काढायचं ऑटोकॅड सॉफ्टवेअर जगात १९८२ मध्येच आलं होतं. आमच्या ऑफिसात पहिला कंप्युटर आला १९९६ मध्ये. पुढच्या तीन वर्षांत सगळे बोर्ड माळ्यावर गेले.

गेल्या आठवड्यात एका जुन्या इमारतीत गेले होते. २००४ मध्ये मीच काढलेली. पश्चिमेकडच्या फ्लॅटमधल्या काकूंनी फोन करून बोलावलं होतं. आत गेले तर बेडरूममध्ये पलंग खिडकीपासून चार फूट आत ओढलेला, खिडकीच्या कट्ट्यावर जुनी चादर पिळून ठेवलेली, आणि खाली फरशीपर्यंत ओल. "जून ते सप्टेंबर ही खोली पावसाची," काकू म्हणाल्या. भांडल्या नाहीत. चहा केला. वीस वर्षं दर पावसाळ्यात त्या पलंग ओढतायत.

घरी येऊन जुनी फाइल उघडली. पूर्वेकडचा फ्लॅट मी नीट विचार करून काढला होता. पश्चिमेकडचा काढलाच नव्हता, मिरर कमांड दिली होती, म्हणजे पूर्वेचाच फ्लॅट आरशातल्यासारखा उलटा करून घेतला होता. पूर्वेच्या खिडकीला दीड फुटाचा छज्जा पुरला. पुण्यात पावसाळी वारा येतो पश्चिमेकडून, नैऋत्येकडून. तिथे तो कसा पुरणार? हे मला तेव्हाही माहीत होतं. बोर्डवर असते तर दुसरा फ्लॅट पहिल्या रेघेपासून परत काढावा लागला असता, आणि त्या खिडकीपाशी हात पोचला की पाऊस आठवला असता. कंप्युटरवर फ्लॅट दोन क्लिकमध्ये उलटा झाला, हात तिथे पोचलाच नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे, म्हणून हा धागा. कंप्युटर, मोबाइल, नकाशाची अॅप, कॅमेरे, ड्रोन यांनी तुम्ही राहता त्या जागेत नेमकं काय बदललं? घर, सोसायटी, रस्ता, ऑफिस, गाव, काहीही चालेल. बरंवाईट दोन्ही लिहा. फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहा.

अनवाणी
काकूंनी चहा केला हे वाचून गलबललं. वाचतेय.

तीन_चार_पाच
मी सांगलीकडे बांधकामाची कामं घेतो. वडील गवंडी होते. आधी चांगलं सांगतो.

वडील लेव्हल पाण्याच्या नळीनं घ्यायचे. एक माणूस या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे तीस फूट पारदर्शक नळी. नळीत एक बुडबुडा अडकला की अर्ध्या इंचाचा फरक, आणि तो कळायचा फरशी बसवताना. आता लेसरची पेटी खोलीच्या मधे ठेवली की चारी भिंतींवर हिरवी रेघ उमटते. वडिलांना पहिल्यांदा दाखवली तेव्हा ते रेघेवरून बोट फिरवत अख्खी खोली हिंडले. "ही आम्हाला असती तर पाठ वाचली असती," म्हणाले.

आता दुसरं. नकाशा हल्ली व्हॉट्सअॅपवर येतो. एका कामावर जिन्याचा तिसरा सुधारित नकाशा आला, दोन दिवसांनी चौथा. काँक्रीटचा साचा बांधणाऱ्या सेंट्रिंगवाल्याच्या मोबाइलमध्ये तिसरा उतरवलेला होता, त्यानं तोच धरून फळ्या ठोकल्या. उन्हात स्क्रीन दिसत नाही, सिमेंटच्या हातानं बोट लागत नाही, कोपऱ्यातला नकाशाचा नंबर कोण वाचणार? पाच पायऱ्यांचं काँक्रीट पडलं तेव्हा लक्षात आलं. फोडलं. पैसे माझ्या खिशातून गेले, पण मला त्या पोराच्या चेहऱ्याचं जास्त वाईट वाटलं, कारण त्यानं हातातल्या नकाशाप्रमाणे अगदी बरोबर काम केलं होतं.

पूर्वी साइटवर एकच प्रिंट असायची, प्लायवूडला ठोकलेली. नवी आली की जुनीवर लाल पेन्सिलनं 'रद्द' लिहायचं. मी आता परत तेच करतो. मोबाइलवर काहीही येवो, प्लायवरचा कागद खरा.

कोवळं_काँक्रीट
रेघताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मिरर कमांडवर खापर फोडणं मला पटलं नाही. मी २०१९ चा पासआउट. ज्या पडद्यावर मिरर आहे त्याच पडद्यावर पुण्याचा अक्षांश टाकला की २१ जूनला संध्याकाळी पाच वाजता ऊन कुठवर आत येतं ते दिसतं. वारा कुठून येतो ते दिसतं. बोर्डवर हे करायला आठवडा गेला असता. मग करत का नाही? कारण त्या वेळाचे पैसे कुणी देत नाही. कंप्युटरनं काम लवकर होतं म्हणून फी कमी झाली आणि मुदत अर्धी. वाचलेला वेळ बिल्डरकडे गेला, खिडकीकडे नाही गेला.

आणि काही गोष्टी हातानं झाल्याच नसत्या. बिलबाओचं गुगनहाइम म्युझियम १९९७ मध्ये उघडलं. फ्रँक गेरी यांनी पुठ्ठ्याकागदाची मॉडेलं केली, ती त्यांच्या ऑफिसनं विमानं डिझाइन करायच्या कॅटिया सॉफ्टवेअरमध्ये उतरवली, म्हणून ते वळणावळणाचे टायटॅनियमचे पत्रे बसवता आले आणि खर्च आधी मांडता आला. पॅरिसच्या नोत्र दामचं बघा. अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेच्या इतिहासकारानं २०१० च्या सुमारास ते अख्खं चर्च लेसरनं मोजून ठेवलं, एक अब्जाहून जास्त बिंदू. टॅलन २०१८ मध्ये गेले. १५ एप्रिल २०१९ ला आग लागली, लाकडी छप्पर जळून गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च परत उघडलं, त्या कामात हे मोजमाप उपयोगी पडलं. ज्यानं मोजलं त्याला आग माहीतच नव्हती. त्यानं मोजलं ते त्या दगडांवरच्या प्रेमापोटी.

रेघ
फीचं तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. ते मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

पण एक गोष्ट तुझ्या पिढीला सांगावीशी वाटते. बोर्डवर एकास पन्नासचं ड्रॉइंग करताना एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा मीटर, हे बोटांत बसलेलं असायचं. दार काढलं की ते किती मोठं आहे हे हाताला कळायचं. पडद्यावर तू झूम करतोस तेव्हा मोरी आणि दिवाणखाना दोन्ही पडदाभर दिसतात. माझ्याकडे आलेल्या हुशार मुलीनं एकदा दोन फुटी पॅसेज काढला होता. तिला उभं केलं, दोन कपाटं दोन फुटांवर सरकवली आणि म्हटलं, आता हातात धुण्याची बादली घेऊन जा. ती जागीच थांबली.

सिंहगडपायथा
थोडं अवांतर. 'ट्रेसिंग' वाचलं आणि नकाशाच्या कॉपी काढायच्या त्या अमोनिया प्रिंटचा वास आला. दुकानाच्या जिन्यातच डोळे चुरचुरायचे, प्रिंट हातात पडायची ती कोमट आणि ओलसर. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मिनी ड्राफ्टर, म्हणजे रेघा मारायची ती लांब दांड्यांची पट्टी, घेऊन पीएमटीच्या बसमध्ये चढायचो. कंडक्टर विचारायचा, "ह्याचं तिकीट काढलं का?"

मधुमालती
@सिंहगडपायथा, माझे बाबा नकाशे करायचे. सबमिशनच्या प्रिंटवर रंग हातानं भरायचे असत. नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं. शनिवारी रात्री आम्ही दोघी बहिणी जमिनीवर पालथ्या पडून सहा-सहा कॉपी रंगवायचो. लाल बाहेर गेला तर बाबा रागवायचे नाहीत, पण स्वतः ती कॉपी उचलून शांतपणे दुसरी करायला घ्यायचे. कोथरूडच्या काही इमारती मी तिसरीत असताना रंगवल्यात.

नियमांची_वही
मधुमालती, तुमच्या लाल रंगाची जागा आता लेअरनं, म्हणजे कंप्युटरवरच्या ड्रॉइंगमधल्या वेगवेगळ्या थरांनी घेतली. मी पंधरा वर्षं मंजुरीची कामं करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पूर्वी फाइल टेबलावरून टेबलावर फिरायची, आणि सोबत माणूस फिरायचा. आता ड्रॉइंग ठरावीक लेअरमध्ये, ठरावीक रंगात काढून अपलोड करायचं. प्लॉटची हद्द एका लेअरवर, बांधकामाची बाहेरची रेघ दुसऱ्यावर, पार्किंग तिसऱ्यावर. प्रोग्राम सामासिक अंतरं (हद्दीपासून इमारतीपर्यंत मोकळी सोडायची जागा) मोजतो, चटई क्षेत्र (हिशेबात धरायचं एकूण बांधकाम) मोजतो, जिन्याची रुंदी बघतो आणि चुका छापून देतो. एखादी बंद रेघ केसभर उघडी राहिली तरी नकाशा परत. त्रास होतो, पण 'साहेब जागेवर नाहीत' हे वाक्य खूप कमी ऐकू येतं. त्याचं मोल मला आहे.

मला खटकतं ते वेगळं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच नियमावली आली, यूडीसीपीआर. तिच्यात पी-लाइन आहे. मजल्याची बाहेरची रेघ काढायची आणि तिच्या आतलं सगळं चटई क्षेत्रात धरायचं, बाल्कनीसुद्धा. बदल्यात प्रीमियम भरून जादा क्षेत्र मिळतं. आधी शहरागणिक बाल्कनीचे वेगळे नियम आणि त्यातून पळवाटा होत्या, त्या मिटल्या. माझ्या मते ही रेघ मशीनला तपासायला अतिशय सोपी आहे. पण गंमत बघा, बाल्कनीचा फूट आणि बेडरूमचा फूट हिशेबात सारखाच झाला, मग बिल्डर बाल्कनी कशाला देईल? वाळत घालायला, कुंड्या ठेवायला, म्हाताऱ्या माणसाला दुपारी बसायला जी जागा लागते तिचा तपासणीच्या तक्त्यात कॉलमच नाही. ज्याचा कॉलम नाही ते नकाशात येत नाही.

कोवळं_काँक्रीट
हे मात्र खरंय. मीही आधी पी-लाइन काढतो, मग तिच्या आत घर बसवतो. कॉलेजात उलटं शिकवलं होतं.

वळचण
आमचं गाव पुरंदर तालुक्यात. ड्रोननं आमच्याकडे काय केलं ते सांगते.

शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराला तसा कागद नव्हता. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर कर लागायचा, तेवढंच. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला आली, पण ड्रोननं गावठाण मोजायचा पहिला प्रयोग त्याच्या आधीच आमच्या तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता.

आमच्या गावी ड्रोन यायच्या आधी दवंडीसारखं सगळ्यांना सांगितलं, आपापली हद्द चुन्यानं आखा. सकाळी सगळा गाव घमेलं घेऊन दारात. आजी लुगड्याचा काष्टा खोचून, वाकून चुन्याची फक्की टाकत होती. शेजारचे आबा त्यांच्या बाजूनं. दोघांचा बत्तीस वर्षांचा वाद होता मधल्या बोळावरून. त्या दिवशी दोघांनी आपापल्या रेघा टाकल्या, दोन्ही रेघांमध्ये बोळ तसाच राहिला, आणि दोघं काही न बोलता आत गेले.

ड्रोन वरून बघतो. त्याला पत्रा दिसतो, कौल दिसतं, भिंत दिसत नाही. आमची वळचण दोन फूट बाहेर, आबांची दोन फूट बाहेर. वरून दोन्ही छपरं चिकटलेली आणि बोळ गायब! चुन्याची रेघही वळचणीखालीच. छापील नकाशा घेऊन भूमी अभिलेखची माणसं पडताळणीला आली तेव्हा आजीनं त्यातल्या तरुण मुलाचा हात धरून त्याला बोळात नेलं, मधली गटाराची दगडी पन्हळ दाखवली आणि म्हणाली, "पाणी कुठनं जातंय बघ." त्यानं टेप काढली, मोजलं, कागदावर दुरुस्ती केली. घराच्या मालकीचा जो कागद मिळाला, त्या मिळकत पत्रिकेत बोळ आहे. पत्रिकेवर आजीचं नाव आहे, आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही जागेच्या कागदावर.

ड्रोन आला म्हणून कागद झाला. पण तो मुलगा वळचणीखाली आला नसता तर आमचा बोळ गेला असता.

अनवाणी
वळचण, आजींना नमस्कार सांगा.

तीन_चार_पाच
"पाणी कुठनं जातंय बघ." हे वाक्य प्रत्येक इंजिनिअरच्या टेबलावर लिहून ठेवलं पाहिजे.

सावली_७
मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. माझी आई एका मोठ्या सोसायटीत चार घरी धुणंभांडी करते. आधी वॉचमनकाका नावानं ओळखायचे. आता गेटवर अॅप आहे. सहा आकडी कोड टाकायचा, मग मालकिणीच्या मोबाइलवर जातं की ही ६:५२ ला आत आली. बाहेर पडताना परत. घरी कोण किती वाजता गेलं ते सगळ्यांना दिसतं. आईला स्टारपण देतात, पाचातले किती ते आईला दिसत नाही. तिच्याकडे साधा फोन आहे.

एका घरी म्हणाले, तुम्ही अकरा मिनिटं उशिरा येता. आई वेळेवरच गेटवर होती, पण सकाळी सातला तिथे तीस बायकांची रांग असते कोड टाकायला. रांगेची वेळ अॅपमध्ये येत नाही. चोऱ्या होतात, भीती असते, मला कळतं. एका ताईंची अंगठी हरवली तेव्हा आई त्या दिवशी आलीच नव्हती हे त्याच अॅपमुळे सिद्ध झालं, नाहीतर संशय तिच्यावरच होता. म्हणून पूर्ण वाईट म्हणत नाही. पण गेटपाशी बसायला एक बाक नाही, सावली नाही. गेट बांधताना कॅमेरे कुठे लावायचे ते ठरलं, बायका उभ्या कुठे राहतील ते कुणी ठरवलं नाही.

रेघ
सावली, तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. मी सोसायट्यांची प्रवेशद्वारं काढली आहेत. बूम बॅरिअर, केबिन, कॅमेऱ्याचा खांब, पाहुण्यांचं पार्किंग सगळं काढलं. पायी येणाऱ्यांसाठी छप्पर एकदाही काढलं नाही. सध्या हातात असलेल्या कामात काढते. बाक पण.

नियमांची_वही
ताई, ते सामासिक अंतरात येईल, आधी मला दाखवा. मार्ग काढू.

श्राव्य
मला दृष्टी नाही. हा धागा स्क्रीन रीडरनं ऐकतोय.

मोबाइलमधल्या नकाशानं मला एकट्यानं चालायला शिकवलं. कानात सांगतो, शंभर मीटरवर उजवीकडे. पूर्वी प्रत्येक नवीन जागी कुणाचा तरी हात लागायचा. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा एकटा दादरहून माटुंग्याला चालत गेलो, त्या दिवसाचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

पण ज्या इमारतीत ऑफिस आहे तिथे नवीन लिफ्ट बसल्या. बाहेर काचेचं पॅनेल, त्यावर मजला निवडायचा, मग ते सांगतं कुठल्या लिफ्टनं जा. आत बटणंच नाहीत. काच गुळगुळीत आहे, बोटाला काहीच लागत नाही. जुन्या लिफ्टमध्ये माझं बटण बोटाला सापडायचं, कुणाला विचारावं लागत नव्हतं. आता नव्वद लोकांच्या मजल्यावर काम करणारा मी रोज सकाळी अनोळखी माणसाला म्हणतो, "जरा अकरा दाबता का?" पॅनेलच्या कडेला चार उठावदार ठिपके आणि आवाज, एवढंच हवं आहे. अर्ज दिला आहे. रेघताई, तुम्ही लोक लिफ्ट निवडता तेव्हा एकदा डोळे मिटून चालवून बघा.

हडसनकाठ
मी न्यू जर्सीत राहतो. नकाशाच्या अॅपची दुसरी बाजू. जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजजवळ लिओनिया नावाचं छोटं गाव आहे. हायवे तुंबला की अॅप गाड्या त्या गावाच्या घरगुती गल्ल्यांमधून काढायला लागली. लोकांना सकाळी स्वतःच्या दारातून गाडी बाहेर काढता येईना. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये गावानं साठेक रस्ते गर्दीच्या वेळी बाहेरच्यांना बंद केले, रहिवाशांच्या गाड्यांना पिवळी खूण दिली. त्यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या.

रस्ता तोच, डांबर तेच, एक वीटही हलली नाही. पण आधी ती मुलं खेळायची गल्ली होती आणि मग ती पुलाची शेपटी झाली. गेल्या वर्षी पुण्यात आलो तेव्हा सदाशिव पेठेत मामाच्या वाड्याच्या बोळात ओळीनं दुचाकी शिरताना पाहिल्या. मामी म्हणाली, "मोबाइल सांगतो त्यांना." तिनं उंबऱ्याबाहेर रांगोळी घालणं सोडलंय.

पेठकर
आमच्या गल्लीतही तेच. डिलिव्हरीवाल्या मुलांवर चिडू नका मात्र, त्यांना दहा मिनिटांत पोचायचं असतं. कोपऱ्यावरचं किराणा दुकान बंद होऊन तिथे शटर अर्धं ओढलेलं गोदाम झालंय. आत रॅक, बाहेर बाइक. फळीवर बसून गप्पा मारायची सोय गेली. अॅमस्टरडॅमनं २०२२ च्या सुरुवातीला अशी नवी गोदामं वस्तीत उघडायला स्थगिती दिली होती. आपल्याकडे निदान त्या मुलांना उभं राहायला जागा तरी द्या.

मांडवीतीर
गोव्यातून. माझ्या गावी सहा जुन्या घरांच्या दारांना आता आकड्यांची कुलपं आहेत. पाहुण्याला कोड मोबाइलवर येतो, घरमालक मुंबईत किंवा दिल्लीत. पुढच्या बल्कावांवर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसऱ्यांवर, संध्याकाळी कुणी बसत नाही. घरं उलट छान रंगवलेली आहेत, कौलं नवी आहेत, गळत होती ती वाचली, हे कबूल करायला हवं. पण घरात कुणी आजारी पडलं तर हाक कुणाला मारायची? बार्सिलोनानं जून २०२४ मध्ये जाहीर केलंय की पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या १०,१०१ फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार. एवढ्या टोकाला जावं असं मी म्हणत नाही. पण निदान मोजू तरी या, गावात रात्री किती घरांत आपली माणसं असतात.

चिलर
सगळे माणसांच्या घरांबद्दल बोलताय. मी माणसं नसलेल्या इमारतीत काम करतो. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापेच्या पट्ट्यात डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या कंप्युटरांच्या इमारती आहेत, तिथल्या एका ठिकाणी थंड हवेची यंत्रणा सांभाळतो. या पट्ट्यात पूर्वी केमिकलचे कारखाने होते. समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, वीज मिळते, म्हणून इथे ही गर्दी.

बाहेरून बघाल तर सहा-सात मजली इमारत, खिडकी नाही. आत रॅक, निळे दिवे आणि पंख्यांचा इतका आवाज की कानात बोळे घालावे लागतात. मजले उंच, कारण खालून वरून हवा आणि केबल फिरवायच्या. आख्ख्या मजल्यावर आम्ही दोघं. या धाग्यावर तुम्ही जे लिहिताय ते अशाच कुठल्यातरी मजल्यावर ठेवलेलं आहे आणि ते गरम होऊ नये म्हणून माझ्यासारखा कुणीतरी रात्रपाळीला आहे.

शेजारच्या वस्तीतल्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, "एवढी मोठी बिल्डिंग, आमच्या पोरांना नोकरी किती?" मी खरं उत्तर दिलं. सिक्युरिटी, साफसफाई, थोडे टेक्निशियन. ते म्हणाले, "गिरणीचा भोंगा तरी व्हायचा." आमच्याकडे भोंगा नाही. जनरेटरची चाचणी असते, तेव्हा त्यांच्या घरात भांडी वाजतात. निदान रस्त्याच्या बाजूला झाडांची एक रांग आणि बसायला कट्टा द्यावा असं आम्ही सुचवलंय. बघू.

सिंहगडपायथा
चिलर, ही पोस्ट वाचून मोबाइलकडे बघायची नजर बदलली. रात्रपाळी सुखाची जावो.

कोवळं_काँक्रीट
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण या आठवड्यात एक गोष्ट घडली.

रेघताईंची बादली डोक्यातून जाईना. एका कुटुंबाचं छोटं घर करतोय, साडेसहाशे फूट. थ्रीडी दाखवलं होतं, त्यांना आवडलंही होतं. शनिवारी त्यांना आमच्या ऑफिसच्या गच्चीवर बोलावलं, आणि वळचणताईंच्या आजीसारखं चुन्याची फक्की टाकून अख्खं घर खऱ्या मापात आखलं. भिंतींच्या जागी रेघा, दारांच्या जागी मोकळं. ओटा म्हणून दोन बाकं ठेवली.

त्या घरातल्या काकू आत शिरल्या. अगदी दारातून, रेघ न ओलांडता. स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, वळल्या, हात लांब केला आणि म्हणाल्या, "फ्रिजचं दार इथे उघडलं तर मी कुठे जाऊ?" मी महिनाभर ते घर पडद्यावर फिरवत होतो. मला दिसलं नव्हतं. मग त्यांचा नवरा खिडकीच्या रेघेपाशी खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, "इथून पेपर वाचता येईल." ती खिडकी पश्चिमेची. मी मोबाइल काढून जुलैचं ऊन आणि वारा बघितला, छज्जा अडीच फूट केला. म्हणजे दोन्ही लागलं, चुनाही आणि मोबाइलही.

एकच अडचण आली. खोल्या वाकड्या आल्या. एका कोपऱ्यापासून आखत गेलो आणि शेवटची भिंत सात इंच सरकली. काटकोन कसा आणायचा?

मधुमालती
@तीन_चार_पाच, तुमच्या नावाचा अर्थ विचारायचाच होता. हाच ना?

रेघ
आधी एक सांगते. काकूंच्या खिडकीचं काम ठरलं. पाऊस उघडला की छज्जा वाढवतोय, उतार बाहेर देतोय, खाली पाणी तोडायला खाच ठेवतोय. खर्च मी करते. पश्चिमेच्या बाकी सगळ्या मजल्यांवरही जाऊन आले. सात घरांत पलंग ओढलेले होते. तिथलंही काम करायचं आहे, सोसायटीशी बोलणं चालू आहे.

तीन_चार_पाच
हो मधुमालतीताई, हाच.

काँक्रीटभाऊ, सुती दोर घ्या, ताणला की लांबणारा नको. एका कोपऱ्यात खिळा. एका भिंतीच्या रेघेवर तीन फुटांवर खूण करा, दुसऱ्या भिंतीच्या रेघेवर चार फुटांवर. दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. चार फूट अकरा इंच आलं तर दुसरी भिंत थोडी बाहेर ढकला, पाच फूट एक इंच आलं तर आत घ्या. मोठ्या खोलीला सहा-आठ-दहा धरा, चूक कमी येते. आणि चारी कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच चुना टाका, आधी नको. वारा असेल तर फक्की थोडी ओली करून घ्या, नाहीतर शेजाऱ्यांच्या वाळवणावर जाईल.